चोर सापडला की दिवा लागतो

४ जून

चि. काडीस,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरात कुणी गेलेलं नाही. अजून तरी.

फोन का केला नाही ते आधी सांगते. मला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडते, आणि मी ओरडले की खालच्या इस्त्रीवाल्यालाही कळतं आमच्याकडे आज भाजी कुठली आहे. आणि जिच्याविषयी बोलायचं ती ओट्याशीच उभी. म्हणून पेन्सिलीला टोक काढून बसले. चार यत्ता शिकले, त्यातली दीड विसरले, तेव्हा काना-मात्रा तुझ्या पदरच्या घालून वाच.

तुझ्या दादाला काहीतरी होतंय, आणि तुझी वहिनी त्याला काहीतरी पाजतेय. यातलं आधी काय सुरू झालं तेवढं मला कळत नाहीये.

होतंय ते असं. त्याचे हात थरथरतात. चष्म्याच्या दुकानात त्याच्यासारखा कारागीर नव्हता. डोळ्यालाही न दिसणारे स्क्रू तो श्वास न सोडता बसवायचा. आता स्क्रू खाली पडतात आणि हा गुडघ्यावर बसून फरशी चाचपतो. मालकाने त्याला मागच्या टेबलावरून उठवून पुढे काउंटरवर बसवलंय, फ्रेमा पुसायला. बोलतो तेही तोंडात गोटी धरल्यासारखं. मला वाटलं प्यायला लागला. दुपारी झोपला होता तेव्हा तोंडाचा वास घेतला. टूथपेस्टचा आला. जागा झाला आणि म्हणाला, "आजी, माझा मुका घेतेस का?" मी म्हटलं, "तुझा मुका तुझी बायको घेईल, मी चौकशी करतेय."

पाजतेय ते असं. सकाळी नाश्त्याच्या आधी, उपाशीपोटी, ती डब्यांच्या मागून एक बाटली काढते, पांढरी भुकटी पाण्यात ढवळते आणि त्याला पाजते. दुपारी डबा घेऊन दुकानात जाते तेव्हा बाटली पिशवीत असते. संध्याकाळी पुन्हा. मी विचारलं, "काय गं ते?" म्हणे, "ग्लुकोज आहे, आजी." म्हटलं, "ग्लुकोज ढवळायला पाठ कशाला करावी लागते?" बाटलीवरचा कागद खरवडून काढलाय. लेबल खरवडणारी बाई आजवर चांगल्या कामासाठी खरवडताना मी पाहिलेली नाही.

आणखी ऐक. त्याच्या ताटातले शेंगदाणे ती वेचून काढते. शेजारणीने चॉकलेट आणलं ते त्याच्या हातातून घेतलं आणि उभ्या उभ्या स्वतः खाल्लं. आणि माझा तांब्या गायब आहे. पितळी नाही, स्टीलचा नाही, तांब्याचा तांब्या, ज्यातून हे घर इतकी वर्षं पाणी प्यायलं. विचारलं तर "पॉलिशला दिलाय". असलं कसलं पॉलिश, की महिना उलटला? त्या जागी स्टीलचा आणून ठेवलाय. स्टीलला तांब्या म्हणायचं म्हणजे म्हशीला हरिणी म्हणण्यासारखं आहे.

माळ्यावर उंदराचं औषध आहे. घरात उंदीर नाही.

तू रसायनांत काम करतेस. विष ओळखायचं काहीतरी पाठव. दादाला कळवू नकोस, तो बायकोच्या बाजूने बोलेल, आणि त्याला बोलायलाच त्रास होतो.

तुझी आजी


१२ जून

ती. आजीस सा. नमस्कार.

पत्र हसत वाचलं, मग पुन्हा वाचलं तेव्हा कमी हसले. पण आजी, तुझा संशय मागच्या वर्षी दूधवाल्यावर होता, त्याच्या आधी गॅसवाल्यावर, आणि मी लहान असताना शाळेच्या बाईंवर. वहिनीचा नंबर कधीतरी लागणारच होता. तिला वर्षही झालं नाही या घरात येऊन. जरा दम काढ.

मी विषं करत नाही. मी काय करते ते तुला एकदा नीट सांगायचंच होतं. अंगात जस्त लागतं, तांबं लागतं, लोखंड लागतं, सगळं मिठासारखं: कमी पडलं तरी पंचाईत, जास्त झालं तरी पंचाईत. पण पाण्यात विरघळलेलं जस्त डोळ्याला दिसत नाही. म्हणून आम्ही असा एक रेणू बनवतो ज्याच्यात एक खुर्ची रिकामी ठेवलेली असते. खुर्चीचं माप असं की त्यात जस्तच बसावं, दुसऱ्या कुणी नाही. जस्त येऊन बसलं की दोघं मिळून चमकायला लागतात. जांभळी बत्ती मारली की हिरवा उजेड. तुझ्या भाषेत सांगायचं तर जस्त म्हणजे लपलेला चोर आणि आमचा रेणू म्हणजे पोलीस. चोर सापडला की दिवा लागतो.

आता उंदराचं औषध. त्यात जस्त असतं, हे खरं. म्हणून तुझ्या मनाच्या शांतीसाठी आमच्याकडच्या कागदाच्या पट्ट्या आणि बोटाएवढी जांभळी बत्ती पाठवतेय. पट्टीवर एक थेंब टाक, अंधार कर, बत्ती मार. पट्टी काळीच राहील. मग माझ्या वहिनीला एक कप चहा करून दे आणि तांब्याचा विषय सोड.

मी ठीक. जागरणं फार होतात. हल्ली हातातून काचा निसटतात, आमच्या मॅडम म्हणतात माझ्या बोटांना लोणी लागलंय. दादाला म्हणावं, थरथरण्यात मी त्याच्या मागे नाही.

तुझी
काडी


२१ जून

चि. काडीस,

दिवा लागला.

ओळीने सांगते. बाथरूमच्या दाराखाली टॉवेल कोंबला, बल्ब काढला, बादलीवर बसले. पहिली पट्टी नळाच्या पाण्याची. काळी. दुसरी मिठाची. काळी. तिसरीवर थुंकले, म्हटलं आपलंही बघावं. काळीच. चौथीवर त्याच्या पेल्याच्या तळाला राहिलेला थेंब टाकला. काडी, बाथरूममध्ये काजवा शिरल्यासारखं हिरवं झालं. माझी बोटं दिसली त्या उजेडात. बाहेरून तुझा दादा दार वाजवत होता, "आजी, पोट बिघडलंय का?" मी म्हटलं, "माझं नाही."

तो दुकानात गेला आणि मी तिला समोर बसवलं. पट्टी दाखवली, बत्ती मारली. विचारलं, "हे काय आहे?"

तिने पट्टी हातात घेतली. म्हणाली, "हे तुम्हाला कुणी दिलं?"

"मी विचारतेय. भुकटी कसली?"

"त्यांना विचारा."

"पाजतेस तू, विचारू त्याला?"

"मला सांगता येत नाही, आजी. शपथ घातलीय."

"सांगता येत नाही ते पाजता येतं?"

यावर ती रडेल असं वाटलं होतं. नाही रडली. उठून बॅग भरायला लागली. मी तिला जा म्हटलं नव्हतं हे लक्षात ठेव. मी एवढंच म्हटलं, की नवऱ्याला विष घालणाऱ्या बाईने माझ्या ओट्याला हात लावायचा नाही. बाटली मी आधीच काढून माझ्या ट्रंकेत कुलपात घातली होती, पुरावा म्हणून. ती म्हणाली, "बाटली तरी त्यांच्या हाताशी ठेवा." मी म्हटलं, "ठेवते हं, बाईसाहेब."

दारातून वळून म्हणाली, "तुमचा तांब्या माळ्यावर आहे, चादरीत गुंडाळून. पण त्यांना त्यातून पाणी देऊ नका." म्हणजे पॉलिशला दिलाच नव्हता. खोटं तिथेच पकडलं.

माळ्यावर चढले. इस्त्रीवाल्याने शिडी धरली. तांब्या होता. उंदराच्या औषधाची पुडीही होती, न फोडलेली. दुसरी आणली असेल.

दादा आला, "ती कुठेय?" म्हणाला. मी सगळं सांगितलं, पट्टी दाखवली. तो चपलांच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बरं झालं. सुटलो त्या भुकटीतून." मग हसला. मग त्याच हसण्याचं रडणं झालं. त्याचं हल्ली दोन्ही एकाच दारातून बाहेर येतं. आता तो रोज माझ्या तांब्यातलं पाणी पितोय. चार दिवसांत ताळ्यावर येईल.

चांगली वस्तू केलीस. तुझ्या मॅडमना सांग.

आजी


२५ जून

आजी,

नमस्कार राहू दे. बाटली फेकू नकोस. काहीही कर पण फेकू नकोस.

चूक माझी आहे. तू "पांढरी भुकटी" लिहिलं होतंस, "पाण्यात ढवळते" लिहिलं होतंस. उंदराचं औषध काळपट असतं, पाण्यात विरघळत नाही, आणि वास असा मारतं की तुझ्या नाकाने ते जिन्यातच पकडलं असतं. हे मला माहीत आहे, मी शिकलेय, आणि तुला गप्प करायच्या नादात मी विचारच केला नाही. मला वाटलं पट्टी काळी राहील. ग्लुकोज असेल, शक्तीचं औषध असेल.

दिवा लागला म्हणजे जस्त आहे, एवढंच. जस्त औषधातही असतं. पण तरुण माणसाला जस्त दिवसातून तीनदा, उपाशीपोटी, नेमाने कोण देतं आणि कशासाठी, ते मला आठवत नाहीये. आठवल्यासारखं वाटतं आणि निसटतं.

दादा फोन उचलत नाही. वहिनीला केला तर ती म्हणते, "तुमच्या दादांना विचारा." आपल्या घरात सगळे एकमेकांना विचारायला सांगतात आणि उत्तर कुणाकडेच नाही.

मला हे कळव. बाटलीत भुकटी आहे की गोळ्या? दुकानाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दादाला तपासलंय का? त्याच्या चेहऱ्यात काही बदल दिसतो का? तुझं काय मत आहे ते लिहू नकोस. काय दिसतं ते लिही.

काडी


३० जून

काडीस,

तुझ्या ओळी उतारावरून घसरल्यासारख्या आल्यात, वाचायला भिंग लागलं. काडी हे नाव तुला अंगकाठीवरून ठेवलेलं नाही, पेटायला वेळ लागत नाही म्हणून ठेवलंय. शांतपणे लिहीत जा.

माझं मत विचारलं नाहीस म्हणून सांगते, ती दोषी आहे. आता दिसतं ते.

बाटलीत भुकटी नाही. कॅप्सूल आहेत, निम्म्या पांढऱ्या निम्म्या पिवळ्या. ती उघडून आतलं पाण्यात घालत असणार, कारण हल्ली त्याला गिळताना ठसका लागतो, परवा भाताचं शीतही अडकलं. आता म्हणशील विष कॅप्सुलीत कोण भरतं. मीही तेच म्हणतेय स्वतःशी, पण मोठ्याने म्हटलेलं नाही.

डोळ्यांचा डॉक्टर दुकानाच्या मागच्या खोलीत बसतो. दादाला त्याने यंत्राला डोळा लावून बघितलं होतं, असं मालकाचा मुलगा म्हणाला, मार्चमध्ये. घरी येऊन कुणी काही बोललं नाही. तुम्हा दोघांचे डोळे तुमच्या आईसारखे घारे. मी दादाला खिडकीशी बसवून बघितले. बुबुळाच्या कडेने तपकिरी कडं आहे, जुन्या भांड्याच्या काठासारखं. हे तोंड त्याच्या लहानपणी मीच रोज धुतलंय. हे कडं तेव्हा नव्हतं.

तब्येत सांगते. ताळ्यावर आला नाही. पेला दोन हातांनी धरतो आणि तरी अर्धा सांडतो. काल जिन्यावर बसूनच खाली उतरला, एकेक पायरी, लहान मुलासारखा. मालकाने "थोडे दिवस आराम कर" म्हणून घरी पाठवलंय. हे गोड बोलून काढून टाकणं असतं ते मला कळतं. मी विचारलं, "काय होतंय तुला?" तर म्हणाला, "काही नाही, तू पाणी दे." मी तांब्यातून ओतून दिलं.

विष बंद होऊन दहा दिवस होत आले आणि माणूस आणखी बिघडतो, हे कसलं विष?

आजी


५ जुलै

ती. आजी,

तुझं पत्र आलं आणि आठवलं. तूच सगळं सांगितलं होतंस, पहिल्याच पत्रात. मी हसत बसले.

दादाच्या ताटातले शेंगदाणे. चॉकलेट. तांब्या. यातला चोर शोध. शेंगदाण्यात तांबं असतं, चॉकलेटात तांबं असतं, आणि तांब्यात तर तांबंच असतं. वहिनी त्याच्यापासून तांबं लपवत होती.

एक आजार असतो. जन्मतःच यकृताला जास्तीचं तांबं बाहेर टाकता येत नाही. ते वर्षानुवर्षं साठतं. आधी यकृतात, मग मेंदूत: हात थरथरतात, जीभ जड होते, हसू-रडू हाताबाहेर जातं. मग डोळ्यात कडं दिसतं. त्या डॉक्टरांनी ते मार्चमध्येच पाहिलं असणार. त्यावर जस्त देतात. उपाशीपोटी द्यायचं कारण, जेवणातून येणाऱ्या तांब्याची वाट जस्त आतड्यातच अडवतं. म्हणजे तुझी पट्टी खरं बोलली. मी तुला शब्द चुकीचा दिला. तो चोर नव्हता, पहारेकरी होता.

आता नीट वाच. औषध थांबलं तर हात जातात, मग चालणं, मग यकृत. मग माणूस जातो. औषध घेतलं तर माणूस म्हातारा होतो आणि तुझ्यासारखा भांडत बसतो. आजच तांब्या त्याच्यापासून दूर कर. बाटली त्याला दे, पण मात्रा आणि त्याची बाकीची औषधं वहिनीलाच माहीत असतील. तिला आण. त्याला डॉक्टरांकडे ने.

आमच्याकडे तांबं ओळखायची बाटलीही आहे, जस्ताच्या उलटी. ती आधीपासूनच उजळलेली असते. तांबं आलं की खुर्चीतल्याला ढकलून स्वतः बसतं, आणि उजेड विझतो. गंमत म्हणून सांगितलं.

आजार आई आणि बाबा, दोघांकडून थोडा थोडा येतो. कुणाचा दोष नाही.

काडी


१३ जुलै

चि. काडीस,

तिला आणलं.

तिच्या माहेरी गेले. दोन बस बदलून, तिसरा मजला. तिच्या आईने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "आता काय तपासायला आलात?" मी म्हटलं, "तपासून झालं. मुलगी हवीय." तिने काहीतरी लांबलचक सुनावलं, मला त्यातलं निम्मं ऐकू आलं, आणि तेवढंही पुरे होतं.

मग ती बाहेर आली. मी काय बोलायचं ते बसमध्ये जुळवलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, "बाटली माझ्या ट्रंकेत आहे आणि मला मात्रा माहीत नाही. चल."

ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"त्याने काय सांगायचंय, त्याची जीभ वळत नाही. काडीने तुझ्या शेंगदाण्यांवरून ओळखलं."

"मग मी शपथ मोडली नाही."

"नाही मोडलीस. शपथ कशाला घातली होती गं त्याने?"

ती आईकडे बघून हळूच म्हणाली, म्हणजे मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, मोठ्याने बोल. तर मोठ्याने म्हणाली, "ते म्हणाले आजीला सांगितलं की गल्लीला कळेल, आणि गल्लीला कळलं की मालकाला. थरथरणाऱ्या हाताला चष्मा कोण देईल?" जिन्यातली दोन दारं उघडली ते ऐकून. तेव्हा कळलं, माझ्याविषयीची शंका अगदीच चुकीची नव्हती.

बसमध्ये तिने माझी पिशवी घेतली. मी दिली. एवढंच.

दादा औषध घ्यायला तयार नव्हता. म्हणाला, "तोंडाला चव राहत नाही, मळमळतं, आणि हात तरी कुठे थांबले?" सूनबाई म्हणाली, "थांबायला महिने लागतात असं डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्ही ऐकलं नाहीत." मी म्हटलं, "नाक दाबू का?" मग घेतलं. डॉक्टर आणखी एका औषधाचं नाव लिहून देणार आहेत, साठलेलं तांबं लघवीतून बाहेर काढणारं. तांब्या मी भंगारवाल्याला दिला. मालकाकडेही मीच गेले. त्याला सांगितलं, आजार आहे, दारू नाही, आणि काउंटरवर चष्मे विकायला हात नाही, डोकं लागतं. म्हणाला, "आजी, हळू बोला." जागा ठेवलीय त्याने.

आता तुझं. मागचं पत्र मशीनवर छापून का पाठवलंस? मी अक्षरं लावून लावून वाचते, छापील मला सोपं पडतं, हे खरं. पण तुला वही-पेनाचा सोस, तू किराण्याची चिठ्ठीसुद्धा वळणदार लिहायचीस. खाली "काडी" तेवढंही छापलंस.

आजी

खाली मी दोन ओळी लिहिते, ताई. आजींनी मला चहा करून दिला. साखर नव्हती, पण मी काही बोलले नाही. तुम्ही कशा आहात? फोनवर तुमचा आवाज बदललेला वाटला. — वहिनी


१९ जुलै

ती. आजी आणि वहिनी,

फार बरं वाटलं. वहिनी, तुमच्यापुढे मी काय बोलू, भेटल्यावर बोलू. दादाला म्हणावं, नाक दाबायला मीही येईन.

छापून पाठवते कारण कामाची घाई आहे आणि संगणक समोरच असतो. यात संशय घेण्यासारखं काही नाही. फोनच्या वेळी मला सर्दी झाली होती.

आणि हो, तू विचारायच्या आधीच सांगते: मी माझीही तपासणी केली, इथेच, तांबं ओळखायच्या त्या बाटलीत लघवीचे थेंब टाकून. बाटली उजळलेलीच राहिली. काळजीचं कारण नाही. सुट्टी मिळाली की येईन, बहुतेक वर्षाच्या शेवटी.

काडी


२४ जुलै

काडीस,

मी तुला विचारलंच नव्हतं.

न विचारलेल्याचं उत्तर देणाऱ्या माणसावर मी आयुष्यभर संशय घेत आलेय. एकदाच चुकले, सूनबाईच्या बाबतीत, आणि तिने तर विचारलेल्याचंही उत्तर दिलं नव्हतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

तू लिहिलंस, आईबापांकडून, दोघांकडून थोडा थोडा. मी सूनबाईला म्हटलं, म्हणजे एकाच ताटातलं दोघांनी जेवल्यासारखं. ती म्हणाली, हो आजी, डॉक्टरांनी भावंडांनाही तपासा म्हणून सांगितलं होतं, आणि यांनी तुम्हाला कळवायचं नाही म्हणून अडवलं. तुला नोकरीच्या ठिकाणी त्रास होईल म्हणे. तुम्ही सगळे एकमेकांना वाचवता आणि मरायला टेकता.

काचा फोडतेस. ओळी उताराला लागल्या. मग एकदम छापायला लागलीस. फोनवर सूनबाई म्हणते, गोटी धरल्यासारखं. ही सर्दी नाही काडी, ही तुझ्या दादाचीच हकिकत आहे. आणि तुझे डोळेही घारे आहेत. खिडकीशी आरसा घेऊन बसली असशील तर तुला माहीत आहे. बसली नसतीस तर मला उत्तर द्यायची एवढी घाई झाली नसती.

दुसऱ्याच्या पेल्यातलं पकडायला पट्ट्या पाठवतेस आणि स्वतःच्या बाटलीचं छापून पाठवतेस. छापलेल्याला हात नसतो, म्हणून ते थरथरत नाही.

मला लांब पत्र नको. हाताने लिही. एक ओळ. "बाटली उजळलेली राहिली" एवढंच लिही, पेनाने. सरळ आली तर मी तुझी माफी मागेन, आणि ते बघायला दादा खास जिन्यावरून चालत येईल. आता कठड्याला धरून उतरतो तो, उभा.

सूनबाईने फडताळातून दुसरा पेला काढून धुऊन ठेवलाय. मी तिला सांगितलेलं नाही.

आजी


२८ जुलै

आजी,

बाटली विझली. काडी अजून नाही. शनिवारी येते.

हे लिहायला दोन कागद फाडले. अक्षराला हसू नकोस.